गंगव्वाच्या म्हशी आणि दिल्लीचा माळ

म्हशीचं तोंड केंद्र सरकारात होतं आणि शेपूट ग्रामपंचायतीत. म्हैस मेलेली होती. तिला उचलायची कुणी, हा ग्रामसेवक म्हणून माझ्यापुढं आलेला पहिला घटनात्मक प्रश्न.

गाव कोल्हापूरला खेटून. नाव बदलून आपण माळेवाडी म्हणू, कारण या गोष्टीतली निम्मी माणसं अजून हयात आहेत आणि उरलेल्या निम्म्यांची पोरं राजकारणात आहेत. गाव आणि शहर यांच्यामध्ये एक भलामोठा माळ होता. संस्थानाच्या काळात तिथं फौजेचे तंबू पडायचे म्हणे. पुढं संस्थान गेलं, तंबू गेले आणि माळ केंद्राच्या एका खात्याकडं गेला. खात्याचं नाव सांगत नाही. माझं पेन्शन त्यांच्याकडून येत नाही, पण उगीच कशाला? त्या खात्यानं माळावर एक फलक लावला आणि एक राखणदार नेमला. आत येणाऱ्यावर कारवाई होईल, असं फलकावर हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलेलं होतं. मराठीत काहीच नव्हतं, त्यामुळं हे आपल्यासाठी नसावं असं गावानं धरलं. शेळ्या त्या फलकाला अंग घासायच्या.

राखणदार होता मलकापूरकडचा पांडबा. खाकी शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्याचा लेंगा आणि गळ्यात शिट्टी. दिल्ली कुणी पाहिली नव्हती, त्यामुळं आमच्या गावाला भारत सरकार म्हणजे पांडबाच. सरकार रोज सकाळी पंचायतीत येऊन चहा प्यायचं आणि वर तंबाखूही मागायचं.

तर म्हैस. मी नवा होतो, कामाचा उत्साह होता. "आपल्या हद्दीतील मृत जनावराच्या पुढील भागाची विल्हेवाट आपल्या स्तरावर लावावी," असं पत्र लिहून मी पांडबाच्या हातात दिलं. पांडबानं पोहोच म्हणून सही केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चार मित्रांना हाताशी धरून अख्खी म्हैस ग्रामपंचायतीच्या हद्दीत ओढून टाकली. गाव कसलं ऐकतंय? दुपारपर्यंत म्हैस पूर्णपणे केंद्रात. शेवटी हद्दीचा वाद न घालता कुत्र्यांनी आणि गिधाडांनी काय ते मिटवलं. पुढं कित्येक दिवसांनी वरच्या कचेरीतून मला उत्तर आलं: "सदर जनावराची सद्यःस्थिती कळवावी."

ज्यांना ग्रामसेवक म्हणजे काय हे माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तो सरपंचाचा चिटणीस, जिल्हा परिषदेचा नोकर आणि सगळ्या गावाचा शिव्या द्यायचा हक्काचा माणूस. नळाला पाणी आलं नाही तरी तो जबाबदार आणि गटारीला जास्त आलं तरी तोच. हाक मारताना 'भाऊसाहेब' म्हणतात आणि वागवताना घरगड्यासारखं वागवतात. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे ठराव. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. आता, सर्वानुमते याचा अर्थ सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते असा नव्हे. सगळ्यांना घरी जायची घाई असते, एवढाच.

आणि आमच्या हद्दीत केंद्राची जागा म्हणजे घरात भाडं न देणारा पाहुणा. घटनेप्रमाणं केंद्राच्या मालमत्तेवर पंचायतीला कर लावता येत नाही. तरी मी दरवर्षी इमानेइतबारे पट्टीचं बिल पाठवायचो आणि दरवर्षी उत्तर यायचं, की आम्हाला कर माफ आहे. त्याच पाकिटात दुसरं पत्र असायचं, की आमच्या राखणदाराच्या खोलीला नळ का दिला नाही, याचा खुलासा करावा. आमची गटार माळाच्या कडेला येऊन थांबायची, कारण पुढं खोदायला दिल्लीची परवानगी लागे. एकदा आम्ही कडेला दिव्याचा खांब उभा केला. खांब आमच्या हद्दीत होता, पण उजेड त्यांच्या हद्दीत पडतो म्हणून हरकत आली. मी उत्तरात लिहिलं, की उजेडाला मागं घेण्याची तरतूद पंचायत अधिनियमात नाही. ते वाक्य लिहून मी दोन दिवस खुशीत होतो. खांब काढावा लागला, ही गोष्ट वेगळी.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे सगळं गमतीचंच होतं, कारण माळ कुणालाच नको होता. मग शहर वाढत आमच्या दिशेनं निघालं. ज्या रानात ऊस असायचा तिथं चुन्याच्या रेघा दिसायला लागल्या. शहरातल्या मंगळवार पेठेत जागा पुरेना झालेली माणसं रविवारी स्कूटरवरून येऊन आमची हवा कशी छान आहे ते सांगू लागली. आणि मग एकाएकी सगळ्यांना त्या माळाची माया आली.

माळ एक होता, नकाशे तीन. राज्याच्या नगररचनावाल्यांच्या नकाशात तो हिरवा होता, म्हणजे बाग. आमच्या पंचायतीच्या नकाशात निळा, म्हणजे बाजार. दिल्लीच्या नकाशात पांढराफटक, आणि मधोमध इंग्रजीत लिहिलेलं, 'भविष्यातील वापरासाठी राखीव'. प्रत्यक्षात तिथं कुसळं होती आणि कुसळांतून जाणारी एक वाट होती. ती वाट मात्र तिन्ही नकाशांत नव्हती.

वाट पाडली होती गंगव्वाच्या म्हशींनी. गंगव्वा आमच्या गावची लिंगायत गवळीण. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं माणसांशी मराठी बोलायची आणि म्हशींशी कानडी. "बा, बा" म्हटलं की म्हशी वळायच्या. मला मात्र म्हशींपेक्षा तिचं मराठी अवघड जायचं, कारण राग आला की दोन्ही भाषा एकदम बाहेर पडायच्या. नवरा वारलेला, पोरगी सासरी. घरात ती आणि चार म्हशी.

आमच्याकडच्या दुधाचं एक सांगायला हवं. कोल्हापुरात संध्याकाळी गवळी म्हशीच कट्ट्यावर घेऊन येतात. गिऱ्हाईक पेला घेऊन समोर बसतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला कोमट पेला त्याच्या हातात द्यायचा. पाण्याचा संशय नको, चुलीची भानगड नको. तालमीतले पैलवान, निवृत्त मास्तर, आजारातून उठलेली माणसं, सगळी तिथं. गंगव्वाची जागा मंगळवार पेठेतल्या एका कट्ट्यावर ठरलेली होती, तिच्या सासऱ्यापासून. दूध कॅनमधून पाठवता येतं, धार पाठवता येत नाही. म्हशीला स्वतः जावं लागतं. माळावरनं गेलं तर कट्टा जवळ. माळ टाळला तर हमरस्त्यानं मोठा वळसा, ट्रकांच्या भोंग्यांतून आणि तापल्या डांबरावरनं. आणि म्हैस बिथरली की पान्हा चोरते. दूध असतं, पण ती सोडत नाही.

हे सगळं गंगव्वानं मला एका वाक्यात सांगितलं होतं. माळाला भिंत घालायचा हुकूम आल्याचं कळल्यावर ती पंचायतीत आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, भित घाला न्हाईतर किल्ला बांधा. मला कायबी म्हणायचं न्हाय. पर वाट गेली तर माझं दुकान गेलं की."

हुकूम वरून आला होता. शहरालगतच्या सगळ्या मोकळ्या जागांना भिंती घाला, नाहीतर लोक गिळतील. आता लोक गिळतील हे खरंच होतं. आमचे सरपंच बापूसाहेब तर हात धुऊन ताटावर बसलेच होते. माणूस वाईट नव्हता. म्हणजे वाईटच होता, पण वागायला गोड. माळाला लागून त्यांची स्वतःची जमीन होती. माळावर बाजार झाला की त्या जमिनीचं काय होणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण बोलायचे कसे? "हा लढा गंगव्वाच्या वाटेचा हाय!" गावसभेत त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "दिल्लीनं आमच्या मायभगिनींची वाट अडवायची? दिल्ली हितनं किती लांब हाय, आँ?"

"लई लांब," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग! तिथनं आमची वाट त्यांना दिसती तरी काय?"

टाळ्या पडल्या. माळ ग्रामपंचायतीस व्यापारी संकुलासाठी मिळावा, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. गंगव्वा उठून म्हणाली, "अवो, पर मला संकुल नगं. वाट तेवढी द्या." बापूसाहेब म्हणाले, "व्हय व्हय, त्यातच आलं ते." मी इतिवृत्तात वाट घालायला सुचवलं, तेव्हा बापूसाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू लग्नाच्या पंगतीत मी मीठ कमी असल्याची तक्रार केली होती.

भिंतीचं काम सुरू झालं. मी नियमाप्रमाणं काम थांबवण्याची नोटीस काढली: पंचायतीची बांधकाम परवानगी घेतलेली नाही. पांडबानं सही करून ती घेतली आणि म्हणाला, "भाऊसाहेब, जरा जाड कागदावर काढा की पुढची. विडी पेटवायला बरी पडंल." केंद्राला पंचायतीची परवानगी लागत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण नोटीस काढली नसती तर सरपंचांनी माझी बदली पन्हाळ्याच्या पलीकडं केली असती.

एवढ्या कागदांचा एक फायदा झाला. प्रत्यक्ष पाहणीला पुण्याहून त्या खात्याचे एक अधिकारी आले. तिवारीसाहेब, मूळचे लखनौकडचे. शिडशिडीत, सौम्य माणूस, झाडांचं वेड असलेला. आल्या आल्या त्यांनी विचारलं, की म्हशी हमरस्त्यानं का जाऊ शकत नाहीत? माझी हिंदी कोल्हापुरी. मी म्हणालो, "साहब, भैंस जो है ना, वो बिथरती है. फिर पान्हा चोरती है." साहेबांना 'चोरती' एवढंच कळलं. कोण काय चोरतं, याची त्यांनी चौकशी सुरू केली.

तेव्हा बापूसाहेबांच्या डोक्यातून प्रयोग निघाला. साहेबांना कट्ट्यावर न्यायचं. गंगव्वानं एक म्हैस माळावरनं आणायची, दुसरी गावच्या पोरांनी हमरस्त्यानं. माळाची म्हैस दूध देईल, रस्त्याची देणार नाही. साहेबांच्या डोळ्यांपुढं निकाल. बापूसाहेबांनी हमरस्त्याच्या म्हशीमागं दोन ट्रकवाले मित्रही लावून दिले, भोंगे वाजवायला. म्हणजे प्रयोगात कसर नको.

संध्याकाळी कट्ट्यावर जत्रा. साहेबांना खुर्ची, हातात काचेचा पेला. माळाच्या म्हशीनं फेसाळ पेला भरला. साहेबांनी तो पिऊन रुमालानं मिशी पुसली आणि चेहरा उजळला. मग दुसरी म्हैस आली. डोळे फिरलेले, तोंडाला फेस, अंग थरथरतंय. गंगव्वा खाली बसली. सडाला हात लावला. थेंब नाही. बापूसाहेबांनी माझ्याकडं बघून डोळा मारला.

साहेब मात्र पेला पुढं करून बसलेलेच होते, लहान मुलासारखे. गंगव्वानं एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग तिनं म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला, काहीतरी कानडीत पुटपुटली, कास चोळली, रेडकू पुढं घेतलं, त्याला हुसकलं, पुन्हा घेतलं. बराच वेळ ती त्या म्हशीशी बोलत होती. आणि म्हशीनं पान्हा सोडला. चर्रर्र करून धार पेल्यात पडली.

"आगं ए भवाने," बापूसाहेब दबक्या आवाजात ओरडले, "काय केलंस ह्ये?"

गंगव्वानं पेला साहेबांना दिला आणि म्हणाली, "गिऱ्हाईक पुढ्यात बसलंय. रिकाम्या पेल्यानं उठवू काय? माझ्या सासऱ्यानं कधी उठवलं न्हाय."

साहेबांनी विचारलं, बाई काय म्हणाल्या? बापूसाहेबांनी मला कोपर मारलं. पण मला दुसरं काही सुचेना, मी होतं तसं सांगितलं. गंगव्वा पुढं म्हणाली, "आज दिलीया. रोज न्हाय द्यायची. रोज तसल्या ट्रकातनं आणली तर महिन्यात आटंल. ह्येबी सांगा." मी तेही सांगितलं.

तिवारीसाहेबांनी दुसरा पेलाही संपवला आणि म्हणाले, "इस पूरे मामले में मुझे एक ही आदमी सच बोलता मिला है, और वो ये माताजी हैं." भिंतीत म्हशींसाठी एक फाटक ठेवण्याची शिफारस त्यांनी केली. माझ्या नोकरीत वरच्या कचेरीतून मी आणलेला हा एकमेव विजय, आणि तोही मी आणला नव्हता.

फाटक झालं. अर्थात दिल्लीचं फाटक ते, सुखासुखी कसं होईल? रुंदी ठरायला पावसाळा गेला. मग हुकूम आला, की येजा करणाऱ्या प्रत्येक जनावराचा पास हवा आणि पासावर ओळखीची खूण हवी. मी आणि पांडबा दोन दिवस गंगव्वाच्या गोठ्यात बसून चार म्हशींच्या ओळखीच्या खुणा शोधत होतो. 'रंग काळा' असं लिहिलं, तर कागद परत आला, की वर्णन पुरेसं नाही. शेवटी शिंगांवर भागवलं. पांडबानं पास गळ्यात बांधायचा आग्रह धरला. एका म्हशीनं स्वतःचा पास खाऊन टाकला आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र मागवण्यात आलं. पण वाट चालू होती. सकाळ-संध्याकाळ पांडबा शिट्टी मारून फाटक उघडायचा, गंगव्वा "बा, बा" करत जायची. तिवारीसाहेबांनी आतल्या बाजूला भिंतीलगत करंजाची रोपं लावून घेतली. पुण्याहून आले की आधी रोपं बघायचे आणि मग दूध प्यायला कट्ट्यावर जायचे. ती दीड-दोन वर्षं दोन्ही सरकारं आणि चार म्हशी सुखानं नांदल्या.

बापूसाहेबांचं मात्र पोट दुखत होतं. भिंत तशीच, माळ दिल्लीचाच, आणि लढ्याचं निमित्त गेलेलं. त्यांनी शहरातला एक वकील गाठला. वकील म्हणाले, पास घेऊन जाता म्हणजे ती मेहेरबानी झाली, हक्क नव्हे. हक्क दाखवायचा तर सगळ्या गावानं, उघडपणे, कुणाला न विचारता गेलं पाहिजे. आता हे कायद्याला धरूनच होतं. पण वकिलानं सांगितलेलं सरपंचाच्या कानातून आत जाताना त्याचं काय होईल, याचा भरवसा कुणी द्यावा? बापूसाहेबांना 'उघडपणे' याचा एकच अर्थ सुचला. पाडवा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. म्हशींना धुऊन, अंगावरचे केस नक्षीदार कातरून, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून रस्त्यावर आणतात. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्या आवाजामागं सुसाट. वर्षभर तिला तीच सवय लावलेली असते. ही गंमत बघायला पेठापेठांत गर्दी होते. तर बापूसाहेबांनी ठरवलं, की यंदा गावच्या सगळ्या म्हशी फाटकातून माळावर पळवायच्या. बिनपासाच्या. फोटोवाला बोलवायचा.

गंगव्वाला कळलं तेव्हा ती थेट त्यांच्या दारात गेली. मी तिथंच होतो. "बापूसाब," ती म्हणाली, "माझं नीट चाललंय. हक्काचं काय करायचं तुम्हाला? फाटक बंद झालं तर मी कुठनं जाऊ?"

"आगं खुळे, तुझ्यासाठीच करतोय की सगळं! पासावर किती दिवस जगणार तू? मान ताठ करून जायचं!"

"म्हस मान खाली घालूनच चालती बापूसाब," गंगव्वा म्हणाली. "तिला वाट बघायची असती."

बापूसाहेब हसले आणि तिच्या हातावर लाडू ठेवला. मीही तेव्हा हसलोच, कारण म्हणणं मजेशीर होतं. ती हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

पाडव्याला गंगव्वानं स्वतःच्या म्हशी दावणीला बांधून ठेवल्या आणि गोठ्याचं दार लावून घेतलं. बाकी सगळा गाव रस्त्यावर. हलगी, गुलाल, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली. पांडबानं फाटक उघडायचं नाकारलं. "साहेबाचा लेखी हुकूम दावा," तो म्हणाला. त्या क्षणी मला भारत सरकारचा खरोखर अभिमान वाटला. पण पोरांनी कडी काढली. पहिली मोटारसायकल आत गेली, मागं तिची म्हैस. मग दुसरी, तिसरी. आणि मग एकदम सगळ्या. फाटक केलेलं होतं एका म्हशीपुरतं, शेजारी तिचं रेडकू मावेल एवढं. ज्या म्हशींना वर्षभर आवाजामागं धावायला शिकवलं, त्यांना रांगेत कोण उभं करणार? एक खांब गेला. त्याच्याबरोबर भिंतीचा मोठा तुकडा बसला. पांडबा शिट्टी वाजवत वाजवत स्वतःच्या खोलीच्या पत्र्यावर चढला आणि तिथूनही वाजवत राहिला. म्हशी आत शिरल्या, भिंतीच्या कडेनं दौडल्या आणि तिवारीसाहेबांच्या करंजांचा लगदा झाला. नशीब, माणूस कुणी चिरडलं नाही. फोटो झकास आले. बापूसाहेबांचा फेटा, मागं मोरपिसं लावलेली शिंगं आणि कोपऱ्यात पत्र्यावरचं केंद्र सरकार.

हक्क सिद्ध झाला, असं बापूसाहेब त्या संध्याकाळी जाहीर करून मोकळे झाले. महिन्याभरात तिवारीसाहेबांची बदली झाली, पांडबाला मेमो मिळाला आणि फाटकाच्या जागी विटा बसल्या. नव्या साहेबांनी पाहणीची गरज नसल्याचं कळवलं, कारण फोटो त्यांच्याकडं पोहोचले होते. पंचायतीनं दावा लावला. तारखा पडत राहिल्या. मी प्रत्येक तारखेला कोर्टात जाऊन बसायचो आणि पुढची तारीख घेऊन यायचो. बापूसाहेब त्या लढ्याच्या जोरावर जिल्हा परिषदेवर निवडून गेले.

गंगव्वानं हमरस्त्यानं प्रयत्न केला. पहाटे लवकर निघून पाहिलं, उन्हं कलल्यावर निघून पाहिलं. कधी पान्हा यायचा, बहुतेक वेळा नाही. कट्ट्यावर गिऱ्हाइकं थांबायची, ती म्हशीच्या अंगाशी झटायची, आणि शेवटी गिऱ्हाईक "ऱ्हाऊ दे मावशी, उद्या येतो" म्हणून शेजारच्या गवळ्याकडं जायचं. हे मी स्वतः बघितलंय. तिला त्या उद्याची सगळ्यात जास्त लाज वाटायची. एक म्हैस आटली, मग दुसरी. मी तिला म्हणालो, डेअरीला दूध घाल, गाडी दारात येईल. ती म्हणाली, "कॅनात वतायला मी गवळीण कशाला पायजे? कुणीबी वततंय." वर्षभरात तिनं चारही म्हशी वडगावच्या बाजारात विकल्या. शेवटची नेताना ती माझ्या कचेरीवरून गेली, पण आत वळली नाही. मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं. ठरावाच्या वह्यांनी भरलेल्या त्या कपाटासमोर मी बसलो होतो, आणि तिच्यासाठी करण्यासारखं एकही काम मला येत नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत माझ्या बदल्या झाल्या, आणि निवृत्तीच्या तोंडावर मी पुन्हा माळेवाडीत आलो. तोवर माळाच्या दोन्ही बाजूंना कॉलन्या उभ्या राहिल्या होत्या. कॉलनीतल्या लोकांना शहरात जायला वळसा पडू लागला. आता म्हशींचा वळसा आणि मोटारींचा वळसा यांत फरक असतो. मोटारीचा वळसा वरपर्यंत ऐकू जातो. ज्या दोन सरकारांना इतकी वर्षं एका फाटकावर एकमत करता आलं नव्हतं, त्यांनी बघता बघता माळाच्या मधोमध दुपदरी रस्ता मंजूर केला. दावा आपसांत मिटला. विटा काढल्या, भिंत फोडली. रस्ता गेला तो नेमका जुन्या वाटेवरून, कारण सर्वात सोयीची जागा तीच आहे असं सल्लागारांनी भरपूर अभ्यास करून शोधून काढलं होतं. रस्त्याच्या तोंडाशी खातं आणि ग्रामपंचायत यांच्या संयुक्त सहीचा पहिलावहिला फलक लागला, या वेळी मराठीत: 'या रस्त्यावर जनावरे आणण्यास सक्त मनाई आहे.'

उद्घाटनाला फीत एक होती आणि कात्र्या दोन, एक दिल्लीच्या पाहुण्यांना आणि एक बापूसाहेबांना. भाषणांत दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या सहकार्याचे आभार मानले. मग बापूसाहेबांना आठवण झाली, की लढ्याची सुरुवात एका गरीब गवळणीपासून झाली होती. गंगव्वाला पुढच्या रांगेत आणून बसवलं होतंच. शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या. "दोन शब्द बोल गंगव्वा," बापूसाहेब म्हणाले आणि तिच्या हातात माईक दिला.

ती थकली होती, पण आवाज तोच. "रस्ता झ्याक केलाय," ती म्हणाली. "म्हशी हुत्या तवा वाट नव्हती. आता वाट हाय तर म्हशी न्हाईत." ती थांबली आणि व्यासपीठावरच्या खुर्च्यांवरनं एकदा नजर फिरवली. "मग आता मी कट्ट्यावर कुणाला घिऊन जाऊ? तुम्हालाच हाकत न्यू काय?"

हशा फुटला. मंडप हसला, बापूसाहेब पोट धरून हसले, आणि काही न कळलेले दिल्लीचे पाहुणेही सगळे हसताहेत म्हणून हसले. गंगव्वा माईक धरून उभी होती. हशा ओसरला तरी ती तशीच उभी राहिली, व्यासपीठाकडं बघत. तिनं विचारलं होतं आणि ती उत्तराची वाट बघत होती. सूत्रसंचालकानं हलकेच तिच्या हातातला माईक काढून घेतला आणि सर्वांनी चहा घेतल्याशिवाय जाऊ नये, अशी विनंती केली.